उथळ पाण्यातल्या युद्धनौका: ट्रॅक्टर, विहीर आणि गिअरबॉक्सच्या भाषेत

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत 'आयएनएस माहे' ही उथळ पाण्यात पाणबुडी शोधून मारणारी छोटी युद्धनौका नौदलात दाखल झाली, त्याचा फोटो आमच्या गल्लीच्या मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला आणि तिथनं वाद सुरू झाला. पहिला वाद, नौदलाच्या जहाजाला प्रमुख पाहुणे लष्करप्रमुख कसे काय. आता बेळगाव म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीचं गाव, हितं प्रत्येक गल्लीत एक तरी रिटायर्ड सुभेदार काका असतातच, त्यांनी ते एका वाक्यात मिटवलं, म्हणाले आता तिन्ही दलं मिळून काम करतात त्यात नवल काय. पण दुसरा वाद मिटेना. खानापूरचा माझा भाचा, त्यानं विचारलं, "मामा, आपल्याकडं विक्रांत आहे, विक्रमादित्य आहे, मग ही ७८ मीटरची होडी कशाला? ह्याचं एवढं काय कौतुक?" त्यावर कुणीतरी लिहिलं की अमेरिकेनं पण असली किनाऱ्याजवळ लढणारी जहाजं बांधली आणि चार-पाच वर्षात भंगारात काढली, आपण तीच चूक करालोय.

मी काय नौदलाचा माणूस नाही. उद्यमबागेत मशीन शॉपला आयुष्य गेलं, गिअर, शाफ्ट, पंपाचे इम्पेलर ह्यातच हात काळे केले. पण अमेरिकेच्या त्या जहाजांचं दुखणं निघालं ते बरंचसं गिअरबॉक्सचं, म्हणून मी बरेच दिवस त्यावर वाचत होतो, आणि ग्रुपवर लिहून लिहून बोट दुखलं म्हणून एकदाच हितं सगळं लिहितो. बेळगाव म्हणा नाहीतर बेळगावी म्हणा, समुद्र दोन्हीकडनं तेवढाच लांब आहे, त्यामुळं जी उदाहरणं देणार ती आपल्या शेतातली आणि गल्लीतलीच.

किनारा म्हणजे फक्त वाळू नव्हे

आपण अनशी घाट उतरून कारवारला जातो, बीचवर उभं राहून बघतो तेव्हा समुद्र सगळा एकसारखा दिसतो. तो तसा नसतो. किनाऱ्यापासनं आत जमीन एकदम तुटत नाही, पाण्याखाली ती उतरती होत लांबवर जाते, साधारण दोनशे मीटर खोलीपर्यंत, आणि मग एकदम कडा तुटल्यागत खोल होते. ही पाण्याखालची पायरी मुंबईसमोर तीनेकशे किलोमीटर रुंद आहे आणि दक्षिणेला येईल तशी अरुंद होत जाते. ह्या पायरीवरचं, त्यातनं जमिनीच्या जवळचं जे पाणी, त्याला इंग्रजीत 'लिटोरल' म्हणतात. आपण सरळ किनारी पाणी म्हणू.

ह्या किनारी पाण्यात सगळी गर्दी असते. मासेमारीच्या बोटी, जाळी, मालवाहू जहाजं, बंदराचं तोंड, बेटं, खडक, नदीचा गाळ. भर समुद्र म्हणजे चौपदरी हायवे समजा, आणि किनारी पाणी म्हणजे शनिवारचा खडेबाजार. हायवेवर सोळाचाकी ट्रक राजा असतो, पण तोच ट्रक खडेबाजारात घातला तर त्याला ना वळता येतं ना मागं जाता येतं, आणि कुठल्या बोळातनं कोण आडवा येईल सांगता येत नाही.

जहाजाचा पाण्याखाली जेवढा भाग बुडतो त्याला 'ड्राफ्ट' म्हणतात. विक्रांतचा ड्राफ्ट आठ मीटरच्या वर आहे, म्हणजे दोन-अडीच मजली घर पाण्याखाली. माहेसारख्या नौकेचा तीन मीटरच्या आतबाहेर. म्हणजे मोठं जहाज जिथं नांगर टाकून बाहेरच थांबेल तिथं ही आत शिरू शकते. भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हितंच संपतं. विक्रांत आणि माहे ह्यांची तुलनाच होत नाही, जेसीबी मोठा की खुरपं मोठं असं कोण विचारतं का?

मे महिन्यातली विहीर

उरलेलं अर्धं उत्तर पाणबुडीत आहे, आणि ते मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

पाण्याखाली रडार चालत नाही, रेडिओच्या लाटा खाऱ्या पाण्यात लगेच विरून जातात. चालतो तो फक्त आवाज. पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटरच्या वेगानं जातो, हवेच्या चौपटीपेक्षा जास्त. म्हणून जहाज पाण्यात आवाज सोडतं आणि तो कशावर तरी आपटून परत येतो का ते ऐकत बसतं, किंवा स्वतः गप्प राहून नुसतं ऐकतं. ह्या यंत्राला सोनार म्हणतात. भर समुद्रात हे बऱ्यापैकी जमतं. उथळ पाण्यात मात्र वरनं पाण्याचा पृष्ठभाग आणि खालनं तळ, दोन्हीकडनं आवाज आपटून आपटून परत येत राहतो. रिकाम्या मंगल कार्यालयात माईक लावून कोण बोललं की कसं सगळं घुमतं आणि शब्द कळत नाही, तसं. त्यात वरनं ट्रॉलर बोटींच्या इंजिनांचा धडधडाट, लाटांचा आवाज, आणि तळाला पडलेले खडक नि बुडालेली जुनी जहाजं, ती पण पाणबुडीसारखाच आवाज परत पाठवतात. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजत असताना मागच्या खिशातनं मोबाईल काढणारा हात ओळखायचा, असलं काम आहे ते.

आणि अजून एक भानगड. लहानपणी मे महिन्यात ज्यानं विहिरीत उडी मारली असेल त्याला माहीत आहे, वरचं पाणी कोमट आणि पुरुषभर खाली गेलं की पाय एकदम बर्फागत. समुद्रात पण असे थर असतात, आणि आवाज एका थरातनं दुसऱ्यात जाताना वाकतो. म्हणजे जहाजाच्या पोटाला लावलेल्या सोनारचा आवाज वरच्या कोमट थरातच वाकून भलतीकडं निघून जातो आणि खालच्या गार थरात पाणबुडी निवांत बसलेली असते. ह्याच्यावर उपाय काय, तर सोनारच केबलला बांधून खाली त्या गार थरात सोडायचा. विहिरीत पोहरा सोडतो तसा, पाहिजे तेवढा खोल. माहे आणि तिच्याच कामाची अर्नाळा, ह्या नौकांवर पोटाला एक आणि असा खाली सोडायचा एक, असे दोन्ही सोनार आहेत. कोटींच्या आकड्यांच्या भाषणात हे कुठं येत नाही, पण ह्या नौकांचा खरा जीव तिथं आहे.

किनाऱ्याजवळ पाणबुडी येऊन काय करणार, असं ज्याला वाटतं त्यानं दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. ९ डिसेंबर १९७१, दीवच्या समोर पाकिस्तानच्या 'हँगोर' पाणबुडीनं आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच पाण्यात गेले. आणि २६ मार्च २०१०, दक्षिण कोरियाची 'चेओनान' ही युद्धनौका त्यांच्याच किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात दोन तुकडे होऊन बुडाली, ४६ जण गेले. आंतरराष्ट्रीय तपासात उत्तर कोरियाच्या छोट्या पाणबुडीचा टॉर्पेडो असा निष्कर्ष निघाला, उत्तर कोरिया आजही नाही म्हणतो. टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालनं स्वतःच्या इंजिनावर जाणारा बॉम्ब. आता पाकिस्तान चीनकडनं ज्या आठ नव्या पाणबुड्या घेतोय त्या क्लासचं, म्हणजे एकाच नमुन्याच्या जहाजांच्या गटाचं, नाव पण त्यांनी मुद्दाम 'हँगोर'च ठेवलंय.

अमेरिकेनं एक ट्रॅक्टर बनवायला घेतला

आता त्या अमेरिकेच्या जहाजांकडं येऊ. ऑक्टोबर २००० मध्ये येमेनच्या एडन बंदरात 'यूएसएस कोल' ह्या मोठ्या विनाशिकेला दोन माणसांनी एक छोटी बोट स्फोटकं भरून नेऊन धडकवली, अमेरिकेचे १७ नौसैनिक गेले. एवढं महागडं जहाज आणि मारलं कुणी, तर एका होडीनं. तेव्हापासनं किनारी पाण्यात काय वापरायचं ह्या चर्चेला जोर आला आणि त्यातनं 'लिटोरल कॉम्बॅट शिप' आलं, सगळे त्याला एलसीएस म्हणतात.

कल्पना ऐकायला एकदम झकास होती. आपण ट्रॅक्टर घेतो तेव्हा नांगर वेगळा, रोटावेटर वेगळा, ट्रॉली वेगळी, पाहिजे ते मागं जोडायचं आणि काम झालं की सोडायचं. एलसीएस म्हणजे ट्रॅक्टर. त्याला तीन अवजारं, एक छोट्या बोटींशी लढायचं, एक समुद्रातले सुरुंग शोधायचं, एक पाणबुडी मारायचं. ह्या अवजारांना त्यांनी 'मॉड्यूल' म्हटलं. बंदरात यायचं, एक काढायचं, दुसरं लावायचं, निघायचं. वर वेग ४० नॉटच्या पुढं पाहिजे. नॉट म्हणजे समुद्रातला वेग, एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर, तेव्हा ४० नॉट म्हणजे तासाला ७४. तुम्ही म्हणाल आमची केएसआरटीसी बस पण एवढ्यानं जाते, पण हे तीन हजार टनाचं जहाज आहे आणि रस्त्यावर नाही, पाण्यात आहे.

आणि अमेरिकेनं एका कंपनीला काम दिलं असतं तर गोष्ट वेगळी, त्यांनी दोन डिझाईन घेतले आणि दोन्ही बांधायला काढले. एक 'फ्रीडम' क्लास, साध्या एका हलचं (हल म्हणजे जहाजाचं पाण्यात बसणारं अंग) स्टीलचं जहाज, आणि दुसरं 'इंडिपेंडन्स' क्लास, तीन हलचं, पूर्ण अॅल्युमिनियमचं, बघितलं तर अंतराळयानच वाटतं. म्हणजे ट्रॅक्टर एक नाही, दोन कंपन्यांचे दोन, एकाचा स्पेअर दुसऱ्याला लागत नाही, एकाचा मेकॅनिक दुसऱ्याला कामाचा नाही. शेतकऱ्याला विचारा हे परवडतं का.

पहिलं जहाज, 'यूएसएस फ्रीडम', नोव्हेंबर २००८ मध्ये दाखल झालं. ट्रॅक्टर आला, अवजारं वेळेवर आलीच नाहीत. सुरुंग शोधायचं मॉड्यूल कामाला तयार व्हायला २०२३ उजाडलं. पाणबुडीवालं तर २०२२ च्या सुमाराला रद्दच केलं. एका जहाजाची किंमत सुरवातीला २२ कोटी डॉलर सांगितली होती ती दुपटीच्या वर गेली. आधी पन्नासच्या वर जहाजं घ्यायची होती ती पस्तिसावर थांबली. 'यूएसएस सू सिटी' नावाचं जहाज नोव्हेंबर २०१८ ला दाखल झालं आणि ऑगस्ट २०२३ ला निवृत्त, पाच वर्ष पण नाही. आपल्याकडं मुलगा कॉलेजात जाऊन पास होईपर्यंत जहाज आलं पण आणि गेलं पण.

गिअरबॉक्सची गोष्ट

हितं मी जरा लांबण लावणार, कारण माझा विषय आहे.

पाण्यात वेग वाढवणं फार महाग असतं. ढोबळ हिशोब असा की वेग दुप्पट पाहिजे तर इंजिनाची ताकद साधारण आठपट लागते. सायकलवर वाऱ्याविरुद्ध जाताना कसं, हळू गेलं की काही वाटत नाही आणि जोर लावला की छाती फुटते, तसं. रोजच्या हळू चालण्यासाठी डिझेल इंजिन चांगलं, कमी तेल खातं. पण ४० नॉट पाहिजे तर गॅस टर्बाइन लागतं, विमानाच्या इंजिनाचाच भाऊ. फ्रीडम क्लासमध्ये दोन डिझेल आणि दोन टर्बाइन बसवले, आणि पूर्ण वेगासाठी डिझेल आणि टर्बाइन दोघांची ताकद एकत्र करून पुढं द्यायची. ही ताकद एकत्र करणारी पेटी म्हणजे कम्बाइनिंग गिअर.

ऊसाच्या सीझनला भरलेली ट्रॉली चिखलात रुतली की दोन ट्रॅक्टर लावून ओढतो आपण. दोन्ही ड्रायव्हर जुने असले, एकमेकांकडं बघून क्लच सोडणारे असले तर निघते. एकानं आधी सोडला, दुसरा मागं राहिला, की साखळी तुटते नाहीतर पिन जाते. कम्बाइनिंग गिअरमध्ये हेच काम क्लच आणि सॉफ्टवेअरनं करायचं असतं, आणि एक इंजिन हळू फिरणारं, दुसरं प्रचंड फास्ट फिरणारं, आणि दोघांना लाटेवर हलणाऱ्या जहाजात जुळवायचं. काय चेष्टा नाही.

'यूएसएस मिलवॉकी' २१ नोव्हेंबर २०१५ ला दाखल झालं आणि ११ डिसेंबरला समुद्रात बंद पडलं. वीस दिवस! गिअरच्या तेलाच्या फिल्टरमध्ये लोखंडाचा कीस सापडला, म्हणजे आत क्लच सुटायला पाहिजे होता तो सुटला नव्हता आणि घासत होता. शेवटी व्हर्जिनियाच्या तळावर ओढून न्यावं लागलं. फिल्टरमध्ये कीस दिसला की पुढं काय वाढून ठेवलंय हे आमच्या शॉपमधला पोरगा पण सांगेल. पुढच्याच महिन्यात सिंगापूरला 'यूएसएस फोर्ट वर्थ'चा गिअर गेला, आणि तो तर गेला कारण टेस्ट करताना गिअरला वंगणाचं तेलच नीट पोचलं नव्हतं. मी हे वाचलं तेव्हा खरंच डोक्याला हात लावला. माझ्या पहिल्या नोकरीत, नवीन होतो तेव्हा, मी पण तेलाची लेव्हल न बघता एक गिअरबॉक्स चालू केला होता, दहा मिनिटात वास आला, आणि मालकानं जे ऐकवलं ते हितं लिहिण्यासारखं नाही. पण ती पेटी दहा-बारा हजाराची होती. पुढं कळलं की वंगणाचा प्रश्न फोर्ट वर्थपुरता असला तरी फ्रीडम क्लासच्या गिअरमध्ये डिझाईनचाच दोष होता, आणि तो दुरुस्त होईपर्यंत नौदलानं नवीन जहाजं ताब्यात घ्यायचं थांबवलं.

दुसऱ्या, अॅल्युमिनियमवाल्या जहाजांना हा गिअरचा त्रास नव्हता, कारण त्यांची इंजिनं एकत्र जोडलेली नव्हती. त्यांना गंजानं धरलं. विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरमध्ये तांब्याची वायर आणि अॅल्युमिनियमची वायर एकत्र पिळून ठेवली की जोड कसा पांढरा पडून खाल्ला जातो, तसंच अॅल्युमिनियम आणि स्टील खाऱ्या पाण्यात एकत्र आले की अॅल्युमिनियम विरघळायला लागतं. २०११ ला 'इंडिपेंडन्स'मध्ये हेच सापडलं. पुढं त्या क्लासच्या काही जहाजांच्या हलला चिरा पण गेल्या.

आणि माणसं. सुरवातीला मूळ दल फक्त चाळीस जणांचं ठरवलं होतं, मशीन सगळं करणार म्हणून. मोठा वाडा आणि झाडलोट करायला दोन माणसं, असं झालं. झोप नाही, दुरुस्ती बाहेरच्या कंत्राटदारांवर, आणि ते कंत्राटदार जहाजाबरोबर समुद्रात थोडेच येणार. नंतर माणसं वाढवावी लागली.

पण ही गोष्ट 'फेल गेलं' म्हणून संपत नाही, आणि ग्रुपवरच्या फॉरवर्डमध्ये नेमका हाच भाग गाळलेला असतो. अॅल्युमिनियमवाल्या काही जहाजांना अमेरिकेनं शेवटी एकच काम दिलं, सुरुंग शोधायचं. अवजार बदलायचं नाही, एकदा लावलं ते लावलं. २०२५ मध्ये 'यूएसएस कॅनबेरा' ते सामान घेऊन बहरीनला गेलं, तिथल्या जुन्या सुरुंगविरोधी जहाजांची जागा घ्यायला. म्हणजे ट्रॅक्टर वाईट नव्हता असं म्हणता येईल, त्याला कायमचा रोटावेटर लावून एका शेतात सोडला तेव्हा कुठं तो कामाला आला.

मग आपण तीच चूक करतोय का?

माझं म्हणणं, नाही, निदान ती चूक तरी नाही.

आपण ट्रॅक्टर घेतलाच नाही, थेट एकाच कामाचं यंत्र घेतलं. एप्रिल २०१९ मध्ये आपल्या नौदलानं उथळ पाण्यात पाणबुडी शोधून मारणाऱ्या १६ नौकांची ऑर्डर दिली, आठ कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सला आणि आठ कोचीन शिपयार्डला. कोलकात्याच्या आठांचं कंत्राट ६,३११ कोटींचं, म्हणजे एका नौकेला आठशे कोटींच्या आतच. कोलकात्यावाल्यांची पहिली 'अर्नाळा', १८ जून २०२५ ला विशाखापट्टणमला दाखल झाली, ऑक्टोबरमध्ये 'अँड्रोथ', आणि कोचीची पहिली ती आपली 'माहे'. हितं पण दोन शिपयार्ड आणि दोन डिझाईन आहेत हे खरं, ते मला फारसं पटलेलं नाही, पण काम एकच आहे, सामान जवळपास तेच आहे आणि वेगाचा हट्ट नाही. २५ नॉट, बस्स. टर्बाइन नाही, अर्नाळात नुसती डिझेल इंजिनं आणि त्यांना जोडलेले वॉटरजेट. दोन ट्रॅक्टर एका साखळीला लावायची वेळच येत नाही.

वॉटरजेट म्हणजे पंखा बाहेर नाही, पोटातनं पाणी आत ओढायचं, आत पंपानं दाब द्यायचा आणि मागनं जोरात फेकायचं. अग्निशमनचा पाईप हातातनं सुटला की कसा माणसालाच मागं ढकलतो, तेच तत्त्व. फायदा असा की खाली पंखा लोंबत नाही त्यामुळं उथळात आपटत नाही आणि कोळ्यांच्या जाळ्यात अडकत नाही. एलसीएसला पण वॉटरजेटच होते, ती कल्पना चांगलीच होती. पंपाचं काम केलेल्या लोकांना अजून एक कळेल, उघडा पंखा जोरात फिरवला की पाण्यात बुडबुडे होऊन फुटतात, पंख्याच्या पात्यांना खड्डे पाडतात आणि आवाज करतात. पाणबुडी शोधणाऱ्याला स्वतःचाच आवाज नको असतो.

नावं पण बघा कशी ठेवलीत. अर्नाळा म्हणजे वसईजवळचा बेटावरचा किल्ला, चिमाजी अप्पांच्या काळात १७३७ ला मराठ्यांनी बांधलेला. माहेच्या बहिणीचं नाव 'मालवण', सिंधुदुर्गाचं मालवण. आणि 'मालपे', 'मुल्की' ही कर्नाटकच्या किनाऱ्यावरची गावं. ह्याबाबतीत तरी दोन्ही राज्यांना समान वाटणी झाली म्हणायची, ग्रुपवर कुणी भांडायचं कारण नाही.

"पण एक मिसाईल आलं की खेळ खल्लास की!"

हा प्रश्न सुभेदार काकांचा, आणि बरोबर आहे. ह्या नौकांवर छोटी तोफ आहे, पाणबुडीविरोधी रॉकेट आहेत, हलके टॉर्पेडो आहेत, सुरुंग पेरायची सोय आहे. विमान किंवा मिसाईल पाडणारी मोठी मिसाईल नाहीत. एकटी गाठली तर ती वाचणं कठीण.

पण ती एकटी जायचीच नाही. ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर ह्या तीन छोट्या मिसाईल बोटींनी कराचीवर हल्ला केला, पाकिस्तानची 'खैबर' विनाशिका बुडवली, म्हणूनच ४ डिसेंबर नौदल दिन. त्या बोटी किनाऱ्याच्या संरक्षणासाठी म्हणून घेतलेल्या होत्या. त्यांच्याकडं मिसाईल होतं पण पाणबुडी शोधायला काही नव्हतं, त्या बाबतीत ठार आंधळ्या. मग त्यांच्याबरोबर कोण गेलं? 'किलतान' आणि 'कच्छल', पाणबुडीविरोधी दोन नौका. आणि त्या कुठल्या क्लासच्या होत्या माहिती आहे? अर्नाळा क्लास. जुनी अर्नाळा. एकानं मारायचं, दुसऱ्यानं पाण्याखालचं बघायचं. तसल्याच जातीची मिसाईल बोट, 'आयएनएस चपळ', कारवारच्या बीचवर म्युझियम म्हणून ठेवलीय, तिच्यापुढं सेल्फी आपण सगळ्यांनीच काढलेत. पुढच्या वेळी गेलात तर तिच्याभोवती एक चक्कर मारून बघा, केवढीशी आहे ती.

"हेलिकॉप्टर नाही त्याच्यावर, मग पाणबुडी शोधणार कशी?"

हे भाच्याचं. एलसीएसवर हेलिकॉप्टरचा मोठा डेक आहे, आपल्या नौकांवर नाही, आणि पाणबुडी मारायला हेलिकॉप्टर फार उपयोगाचं असतं हे पण खरं. पण जहाजावर हेलिकॉप्टर ठेवायचं म्हणजे हँगर, इंधन, मेकॅनिक, जास्तीची माणसं, आणि ७८ मीटरची नौका बघता बघता सव्वाशे मीटरची होते. इंडिपेंडन्स क्लास १२७ मीटरच आहे. किनाऱ्याजवळ काम असलं की हेलिकॉप्टर जमिनीवरनं उडून येऊ शकतं, गोव्याला नौदलाचा तळ आहेच. भर समुद्रात ही सोय नसते म्हणून तिथल्या जहाजाला स्वतःचं हेलिकॉप्टर लागतं.

"ड्रोनचा जमाना आहे, जहाजं कशाला?"

युक्रेननं मोठं नौदल नसताना रशियाला काळ्या समुद्रात मागं ढकललं, १४ एप्रिल २०२२ ला 'मोस्क्वा' ही रशियाची प्रमुख नौका किनाऱ्यावरनं सोडलेल्या मिसाईलनं बुडाली, पुढं स्फोटकं भरलेल्या बिनमाणसाच्या बोटींनी अजून जहाजं गेली. ह्यावरनं लोक म्हणतात जहाजांचे दिवस संपले. मला वाटतं ह्यातनं उलटं एक दिसतं, की किनाऱ्याजवळ मोठं, महाग, एकटं जहाज नेऊन उभं करणं मूर्खपणा आहे. मोस्क्वा १८६ मीटरचं होतं. छोट्या, जास्त संख्येनं असलेल्या, एकेक काम वाटून घेतलेल्या नौका हे त्याचं एक उत्तर आहे. पाण्याखाली फिरणारे ड्रोन पुढं येणारच आहेत, पण त्यांना नेणार, सोडणार आणि परत उचलणार कोण, तर असलीच एखादी नौका. अमेरिकेचं सुरुंगाचं मॉड्यूल तरी दुसरं काय आहे, बिनमाणसाच्या बोटीच आहेत त्यात.

"एवढं सगळं चांगलं, मग उशीर का झाला?"

ह्याचं उत्तर माझ्याकडं बचावाचं नाही. २०१९ च्या कंत्राटात पहिली नौका साडेतीन वर्षात द्यायची होती, म्हणजे २०२२ ची दिवाळी. अर्नाळा नौदलाच्या हातात आली मे २०२५ ला. मधे कोविड आला हे मान्य, पण अडीच वर्षं म्हणजे अडीच वर्षं. आम्ही उद्यमबागेत ऑर्डरला पंधरा दिवस उशीर केला तर गिऱ्हाईक पुढची ऑर्डर हुबळीला देतं. १६ पैकी बऱ्याच अजून यायच्या आहेत, आणि समोरच्या आठ पाणबुड्या काय आपल्यासाठी थांबणार नाहीत.

कोलकात्याची तिसरी नौका डिसेंबर २०२५ मध्ये नौदलाच्या ताब्यात मिळाली. तिचं नाव 'अंजदीप'. कारवारच्या समोरच जे अंजदीव बेट आहे, कदंब नौदल तळाला लागून, त्याचं नाव. १९६१ ला गोवा मुक्तीच्या वेळी हे बेट पोर्तुगीजांकडनं घेताना नौदलाचे सात जण कामी आले होते. बीचवरनं दक्षिणेकडं बघितलं की तळाच्या बाजूला ते बेट कुठंसं आहे एवढाच अंदाज येतो, भाच्याला म्हटलंय पाऊस संपला की जाऊया, अनशी घाटातनंच, येताना चपळ पण बघू. तो म्हणाला, "मामा, गाडी तू चालव, पण आधी गिअरबॉक्सचं तेल बघ."